‘मुठी बनवा, सगळा माल आम्ही उचलतो’ : ₹78,060 ला पडलेली योजना

नोंदणी फी ₹2,360. लाकूड कातायचा लेथ ₹28,500. मुठीच्या तोंडात बसवायच्या दोनशे धातूच्या बुशांचा (नळ्यांचा) संच ₹17,000. ‘परत मिळणारी’ अनामत ₹35,000. एकूण ₹82,860. यातले ₹4,800 परत आले, ते गळाला लावलेलं गांडूळ होतं. बाकी बुडाले.

योजनेचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. मशीन आमचं घ्या, कच्चा माल आमचा घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ. उदबत्ती, पेन्सिल, वाती यांच्या नावाने ती गल्लोगल्ली फिरून झाली आहे आणि त्यांना सोलापुरातला कातारी (लाकूड कातणारा) भुलत नाही. पण यंत्रमागाचं लाकडी काम थंडावलेलं असताना कुणी येऊन थेट कातकामाच्या हत्यारांच्या मुठींबद्दल बोलतो, तेही ‘एक्सपोर्ट’साठी, तेव्हा माणूस ऐकतो. वर जीएसटी नंबर खरा, उद्यम प्रमाणपत्र खरं, ड्रॉइंगवर गोल शिक्का. उद्यम नोंदणी फुकट आणि स्वयंघोषणेवर होते, ती कुणीही घरबसल्या काढतो. तिला पुरावा समजू नका.

वस्तू मात्र खरी आहे, हे आधी सांगतो. एकच लाकडी मूठ, तिच्या तोंडात धातूचं बुश, बुशात हत्याराच्या दांडीच्या मापाचं भोक आणि बाजूने दोन ग्रब स्क्रू (डोकं नसलेले). अ‍ॅलन कीने स्क्रू सैल करून गौज (खोलगट पात्याचं कातायचं हत्यार) काढायची, दुसरं हत्यार घालायचं. धार लावताना लांब मूठ आडवी येत नाही, पेटीत जागा कमी लागते. बाहेर अशा मुठी विकल्या जातात. म्हणूनच शंका आली नाही.

करायची पद्धत अशी. 45 बाय 45 मिमीचा, 400 मिमी लांब वाळलेला ठोकळा घ्यायचा. आधी टेलस्टॉकमधून (लेथच्या सरकत्या टोकातून) भोक पाडायचं, मग त्याच भोकात कोन सेंटर (शंकूसारखं टोक) टेकवून बाहेरची कातणी करायची, म्हणजे भोक आणि मूठ एका रेषेत राहतात. उलट क्रमाने केलंत तर भोक हमखास तिरकं जातं. बुश कानशीने खरवडून एपॉक्सीने बसवायचं, पण त्याच्या अंगावर एक उभी चीर पाडून ठेवायची. नाहीतर भोकात कोंडलेली हवा बुशाला पिस्टनसारखं मागे ढकलते आणि सकाळी ते दोन मिमी वर आलेलं दिसतं.

आता त्यांचं ड्रॉइंग. मुठीचा व्यास 38 मिमी, अधिक-उणे 0.05.

लाकडाला! मिलिमीटरच्या शंभरातले पाच भाग! धातूच्या शाफ्टला हे माप ठीक आहे. 38 मिमीच्या लाकडात ओलावा चारेक टक्क्यांनी हलला की व्यास दोन-तीन दशांश मिमी सहज फिरतो, शिवाय वाढीच्या कड्यांच्या दिशेने जास्त आणि त्यांना आडवा कमी, म्हणजे गोल होतं ते अंडाकृती होतं. सोलापूरच्या मे महिन्यात चाळिशीपार उन्हात मोजलेली मूठ न्हावा-शेवा बंदराच्या दमट हवेत पोचेपर्यंत कुठलंच माप जागेवर राहणार नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं का? रोज लाकूड कातणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण ‘परदेशी गिऱ्हाईक असंच मागतं’ हे वाक्य तयार होतं. त्यातच पहिल्या वीस मुठी, त्याच ड्रॉइंगच्या, बिनबोभाट पास झाल्या. नगाला ₹240 प्रमाणे ₹4,800 खात्यावर आले. पैसे आल्यावर कोण शंका घेतो? बुशांचा संच आणि अनामत यांचे ₹52,000 त्यानंतर गेले.

खरं बोचतं ते दुसरंच. जिथे घट्ट माप लागतं तिथे ड्रॉइंग गप्प होतं. दांडी बुशात सैल चालत नाही, दशांश मिमीचा खेळही हाताला कळतो, पण त्या भोकाला कसलीच मर्यादा लिहिलेली नव्हती. खोली फक्त 25 मिमी. गौज लाकडात अडकून झटका देते तेव्हा सगळा जोर त्या सांध्यावर येतो, म्हणून दांडी निदान 50 मिमी आत हवी. बुशाचा बाहेरचा व्यास 16, भोक 12. म्हणजे भिंत 2 मिमी, त्यात एम-6 चा स्क्रू. त्याचा आटा 1 मिमीचा, म्हणजे पकड फक्त दोन आट्यांची. दोनदा कसलं की आटे गेले. व्यास 25 चं बुश असतं तर भिंत साडेसहा मिमीची झाली असती. ज्याला मूठ खरंच वापरणाऱ्याला विकायची आहे, तो असं ड्रॉइंग काढत नाही. हे नापास करण्यासाठी काढलेलं ड्रॉइंग होतं.

बाकीचं सगळं त्याच कामाला जुंपलेलं. ‘पितळी’ बुशाला लोहचुंबक चिकटला. लेथची दोन्ही सेंटरं टोकाला टोक लावून पाहिली तर मिलिमीटरभर फरक, म्हणजे त्यावर भोक सरळ पडणं अशक्यच. लेथ कुणाकडूनही घ्या, पैसे मोजण्याआधी ही दोन टोकं जुळवून बघा, त्याला मिनिटही लागत नाही.

180 मुठींचा लॉट ‘व्यास मर्यादेबाहेर’ म्हणून नापास झाला. फेरतपासणीसाठी आणखी ₹5,900 मागितले. ते दिले नाहीत. मग फोन बंद.

आता सरकारी दार. शहरातल्या ठाण्यात सांगितलं, पत्ता दुसऱ्या शहराचा आहे, तिकडे जा. अहो, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच लिहिलंय! मग सूर बदलला. तुम्हीच सही केली, माल मिळाला, लेथ मिळाला, हा दिवाणी मामला. एकाने तर विचारलं, ‘लाकडाच्या मुठीला एवढे पैसे?’ आणि शेजारचा हसला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर सांगितलं, हा व्यापारातला वाद आहे. आणखी एका कार्यालयात तर चौकशीचा कागद घ्यायलाच कुणी तयार नव्हतं, साहेब मीटिंगला, बाई रजेवर, शिक्का कपाटात. अनामत घेऊन माल नापास करायचा हा ठरलेला डाव भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीत बसतो की नाही, हे ठरवायचं कोणी? फसलेल्यानेच?

ठाण्याने नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येते, सोलापूर शहरात म्हणजे पोलीस आयुक्तांकडे, आणि तिथेही हालचाल नाही झाली तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोच जपून ठेवा. ग्राहक आयोगात ‘व्यावसायिक कारणासाठी घेतलं’ म्हणून हाकलतील, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू 2019 च्या कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते. अर्जात तेच शब्द लिहा.

जीएसटीच्या साइटवर नुसता नंबर खरा आहे का एवढंच बघून थांबू नका, नोंदणीची तारीख आणि धंद्याचा पत्ता बघा. आमच्या बाबतीत नोंदणी ताजी होती आणि पत्ता रहिवासी फ्लॅटचा.

तेच ड्रॉइंग आता नव्या कंपनीच्या नावाने फिरतंय. व्यास 38, अधिक-उणे 0.05, भोक 25 खोल. फक्त शिक्का बदललाय आणि अनामत ₹39,500 झालीय.