बुलेटच्या हेडलाइटचं रिले किट: आधी वायर, मग बल्ब

जुन्या बुलेटचा उजेड कमी पडतो म्हणून स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात गेलात, की काउंटरवर आधी बल्बच येतो. शंभर वॉटचा, निळसर काचेचा, नाहीतर मागे पंखा लावलेला एलईडी. मी त्यातलं काही घेतलं नाही. रिलेचं (म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचं) वायरिंग किट, काचेचा नवा हेडलाइट आणि साधा हॅलोजन बल्ब, एवढंच बसवलं. अख्खा पावसाळा आणि त्यामागून आलेला उसाचा हंगाम वापरून झाल्यावर हे लिहितोय. पैसे वसूल झालेत. किटमधल्या दोन गोष्टी मात्र बदलून घ्याव्या लागतात, त्या पुढे सांगतो.

गाडी १९९९ ची स्टँडर्ड ३५०, बारा व्होल्टची, पॉइंटवाली. मी भोर तालुक्यात जनावरांचा डॉक्टर आहे. म्हैस अडली किंवा गाय फुगली की माणसं वेळ बघून फोन करत नाहीत, आणि करूही नये. भाटघर धरणाच्या कडेकडेने आत जाणारे रस्ते वळणांचे, दिवे कुठेच नाहीत. पावसाळ्यात वरंध घाटाच्या अंगाला धुकं खाली उतरतं. हंगामात शिरवळ-लोणंदकडे गेलं की ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना ना रिफ्लेक्टर ना लाल दिवा. रस्त्यात बसलेल्या म्हशीचं तोंड आपल्याकडे असेल तर डोळे चमकून कळतं तरी. पाठ असेल तर ती डांबरातच मिसळून जाते. अशा ठिकाणी मिणमिणत्या दिव्यावर गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि फक्त आपल्याच जिवाशी नाही.

माझ्या गाडीत ३५/३५ वॉटचा (हाय आणि लो बीम दोन्हीला ३५) जुना बल्ब होता. तो बदलायचा म्हणून नाना पेठेत एका चाचांकडे गेलो. ऑटो इलेक्ट्रिकचं त्यांचं एका शटरचं दुकान आहे. मी बल्बचं नाव काढल्यावर त्यांनी आधी मल्टिमीटर काढला. "डॉक्टर, बल्ब मागनं घ्या. आधी बघू त्याच्यापर्यंत पोचतंय किती."

ही तपासणी कोणालाही घरी करता येते, म्हणून नीट सांगतो. गाडी चालू ठेवायची, थोडी रेस द्यायची, हेडलाइट लावायचा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या मागच्या प्लसच्या टर्मिनलवर. मीटरवर जो आकडा येतो, तेवढे व्होल्ट वाटेतच जिरतात. माझ्या गाडीत १.५ आले. मग तसंच अर्थिंगच्या बाजूने, बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं: ०.६. म्हणजे बॅटरीवर १३.६ आणि बल्बला मिळत होते जेमतेम ११.५.

दोन व्होल्टनी काय होतंय असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी जास्त पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड साधारण तीस टक्के जातो. माझ्या आकड्यांना बल्बमधला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड वायरमध्येच गडप होत होता. त्या वायरिंगवर शंभर वॉटचा बल्ब चढवला असता, तर करंट वाढून वाटेतली गळती आणखी वाढली असती आणि वर स्विच तापून वितळला असता.

गळती होते कुठे? बॅटरीतून निघालेला करंट अँपिअर मीटर, चावीचा स्विच, हेडलाइटचा स्विच, हँडलवरचा डिपर (हाय-लो बदलायचा स्विच) असा सगळीकडे फिरून बल्बला येतो. या प्रत्येक जागी पितळी पत्रे आणि कनेक्शन, आणि त्यावर पंचवीस वर्षांचा हिरवा गंज. चाचांनी डिपर उघडून दाखवला. आतला बारका कॉन्टॅक्ट जळून काळा पडला होता, आणि अख्ख्या हेडलाइटचा करंट त्या टिकलीएवढ्या जागेतून जात होता.

रिले ही वाटच बदलतो. बॅटरीपासून फ्यूज, तिथून रिले, रिलेपासून थेट बल्ब. डिपरला आता फक्त रिलेला खूण करायची असते, त्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. हाय बीमला एक रिले, लो बीमला एक. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात: ३० ला बॅटरीकडून, ८७ बल्बकडे, ८५ आणि ८६ स्विचची खूण आणि अर्थ. हे चार आकडे लक्षात ठेवले तर आडगावात कुठलाही मिस्त्री दुरुस्ती करू शकतो.

आता किटबद्दल. मी घेतलं त्यावर कुठल्या कंपनीचं नाव नाही, दुकानदार स्वतः बांधून घेतो. साडेसहाशे रुपये. दोन रिले, फ्यूज होल्डर, बल्बमागचं एच-फोरचं (हाय-लो अशा दोन तारांच्या हॅलोजन बल्बचं) सॉकेट, आणि गाडीच्या मूळ वायरशी जोडायची पिन. वायर जाड आणि अस्सल तांब्याची आहे, हे मी टोक सोलून पाहिलं. हे बघाच. स्वस्तातल्या काही किटमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने खरवडलं की आतून पांढरी निघते. तसली वायर असेल तर किट घेण्यात काही अर्थ नाही. माझ्या किटचं सॉकेट सिरॅमिकचं आहे, हाही मोठा गुण; प्लॅस्टिकचं असतं तर ५५ वॉटच्या बल्बने कधीच करपलं असतं.

खटकलं ते दोन ठिकाणी. फ्यूज होल्डरला झाकण नव्हतं, पाणी सरळ आत. तो बदलून रबरी टोपीचा घेतला. दुसरं म्हणजे अर्थची वायर प्लसपेक्षा बारीक दिली होती. जेवढा करंट प्लसने जातो तेवढाच अर्थने परत येतो, मग एक जाड आणि एक बारीक कशासाठी? चाचांनी ती काढून अडीच स्क्वेअर एमएमची टाकली आणि हेडलाइटच्या केसिंगवर न कसता थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली. रिलेही मी हेला कंपनीचे घेतले. मूळचे बरे दिसत होते, पण रात्री ताम्हिणीत किंवा वरंधला दिवा जाऊन चालणार नाही.

किटपेक्षाही मला जास्त मोलाचं वाटलं ते बसवण्याचं काम. रिले हेडलाइटच्या केसिंगमध्ये कोंबले नाहीत. ते टाकीखाली, पाय खाली करून लावले, म्हणजे पाणी आत साठत नाही. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, म्हणजे पुढे कुठे वायर घासून शॉर्ट झाली तरी आग लागायच्या आत फ्यूज जातो. पंधरा अँपिअरचा घातला. जोड एकही टेप गुंडाळून केलेला नाही. सगळी टर्मिनलं क्रिम्प करून (पकडीने दाबून) वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवली. मी डाग (सोल्डर) देणार का विचारलं, तर म्हणाले बुलेटच्या हादऱ्याला डाग दिलेली वायर जोडाच्या शेजारी कडक होते आणि तिथेच तुटते. केसिंगच्या भोकाला रबरी ग्रोमेट, आणि शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ओढली जात नाही ना हे पाहिलं. टर्मिनलवर चोपडायला व्हॅसलिन माझ्याच पेटीतलं निघालं. सगळ्याचे सहाशे रुपये मजुरी घेतली. मला ती कमीच वाटली.

याच्या आधी दुसऱ्या एका दुकानात माझ्या गाडीचा हॉर्न बसवला होता. चाचांनी टाकी उचलली तेव्हा तो जोड उघडा पडला: नुसत्या पिळलेल्या तारा, वर काळी टेप, टेपचा डिंक विरघळून खाली ओघळलेला. गिऱ्हाईक टाकी उचलून बघत नाही हे त्या माणसाला ठाऊक होतं. माणूस रात्री या गाडीवर कुठे जाणार आहे, हा विचार काम करणाऱ्याने करायला हवा. त्या जोडाचा मला अजून राग येतो.

बल्ब फिलिप्सचा एच-फोर, ६०/५५ वॉट, नेहमीचा पिवळसर. हेडलाइट सात इंची, काचेचा, आत पत्र्याचा रिफ्लेक्टर. जुन्या रिफ्लेक्टरची चकाकी उडून तो दुधाळ झाला होता, त्यात नवा बल्ब घालून उपयोग नव्हता. नवा घेताना एक गोष्ट तपासा. डिपर मारल्यावर भिंतीवरचा पट्टा डाव्या बाजूला किंचित वर चढलेला दिसला पाहिजे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून उजेड डाव्या कडेला लांब जायला हवा. बाहेर देशातून आलेल्या काही हेडलाइटमध्ये हा पट्टा उजवीकडे चढतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

एलईडीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. एच-फोर बल्बमध्ये लो बीमच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, आणि रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेवरून ठरवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्या जागी तंतोतंत बसत नाहीत. मग उजेड विखुरतो. गाडीवाल्याला पुढ्यात पांढरंफेक दिसतं आणि तो खूश होतो, पण लांबचं दिसत नाही आणि समोरून येणारा आंधळा होतो. धुक्यात तर पुढे पांढरी भिंतच उभी राहते. आमच्याच दवाखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या गाडीवर हे मी घाटात पाहिलंय. एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण हेडलाइट घेतलात तर गोष्ट वेगळी.

अँपिअर मीटरचं मात्र सगळ्या बुलेटवाल्यांनी समजून घ्यायला हवं. पूर्वी दिवा लावून गाडी आयडलला सोडली की काटा मायनसला जायचा. किट बसल्यावर तो दिवा लावूनही प्लसला राहतो. याचा अर्थ चार्जिंग सुधारलं असा नाही. किटची वायर थेट बॅटरीवरून निघते, त्यामुळे हेडलाइटला जाणारा करंट मीटरमधून जातच नाही. बॅटरीत येणारा तेवढा मीटर दाखवतो, दुसऱ्या टोकाने जाणारा दाखवत नाही. म्हणून काट्यावर विसंबू नका. दिवा लावून, नेहमीच्या वेगाइतकी रेस देऊन बॅटरीवर व्होल्ट मोजा. तेराच्या वर राहिले तर काळजी नाही. खाली घसरत असतील तर तुमच्या अल्टरनेटरला ५५ वॉट झेपत नाहीत. मग रिले ठेवून बल्ब ३५ वॉटचाच वापरा. व्होल्टेज पूर्ण मिळाल्यावर तोही आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगला पडतो. माझ्या गाडीला ५५ झेपतात, पण आयडलला दिवा लावून गप्पा मारत उभं राहत नाही.

बसवून झाल्यावर परत मोजलं. बॅटरीवर १३.६, बल्बला १३.३.

रस्त्यावर फरक कसला पडला, तर ब्रेक लावायला जागा मिळू लागली. पूर्वी चाळीसच्या वेगात खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असायचं. आता कडेचा मैलाचा दगड, वळणावरचा कठडा, ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे आधी दिसतात. मुसळधार पावसात मात्र फार अपेक्षा ठेवू नका, ओला डांबरी रस्ता उजेड पिऊन टाकतो. तिथे वेग कमी करणं हाच उपाय. चावीच्या स्विचवरचा भार उतरल्यामुळे हॉर्नही खणखणीत वाजायला लागला.

उजेड वाढला की तो खाली बांधणं ही आपली जबाबदारी. सात-आठ मीटरवर भिंत, हेडलाइटच्या मध्याच्या उंचीला खडूची आडवी रेघ, गाडीवर स्वतः बसायचं, नेहमीचं सामान मागे ठेवायचं, आणि लो बीमची वरची कड रेघेच्या थोडी खाली येईपर्यंत हेडलाइट वाकवायचा. माझी औषधांची पेटी मागे असली की पुढचं तोंड वर उठतं, म्हणून पेटीसकटच लावून घेतला.

एकूण खर्च, हेडलाइट, बल्ब, वेगळे रिले आणि मजुरी धरून, अडीच हजारांच्या आत. प्रत्येकाने हे करावं असं मात्र नाही. आरएक्स १०० किंवा जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट कॉइलच्या एसी करंटवर चालतो. त्यांना हे किट तसंच जोडता येत नाही, आधी चार्जिंगचं काम करावं लागतं. कमी वॉटच्या बल्बसाठी बनवलेला प्लॅस्टिक रिफ्लेक्टर असेल तर ६०/५५ चा बल्ब घालूच नका, उष्णतेने रिफ्लेक्टर वितळू शकतो. पण बॅटरीवर चालणारा, काचेचा सात इंची हेडलाइट असेल, तर पुढच्या पावसाच्या आत हे काम करून घ्या. आणि टूलकिटमध्ये पंधरा अँपिअरचे दोन फ्यूज आणि एक जादा रिले टाकून ठेवा.