मोटर दाखवली, ब्रेक लपवला

सायकलला मोटर बसवून घ्यायचा विचार असेल, तर दुकानात आगाऊ रक्कम देण्याआधी हे पूर्ण वाचा. माझे ३६,५०० रुपये गेले आणि उजवं मनगट मोडलं. पैशांचं वाईट वाटतंच, पण मागचा ब्रेक नसलेली सायकल 'डबल ब्रेकवाली' म्हणून माझ्या हातात दिली, याचा राग अजून शांत होत नाही.

२०१५ साली आपल्या नाशिकचे महाजन बंधू रेस ॲक्रॉस अमेरिका, म्हणजे सायकलवर अख्खी अमेरिका ओलांडायची शर्यत, पूर्ण करून आले, त्याच सुमारास मीही पुन्हा सायकलवर आलो. माझी सायकल क्रूझर. २९ इंची चाकं, रुंद हँडल, लांबलचक फ्रेम. मेहुण्याने बाहेरून आणलेली, तो पुण्याला गेला तेव्हा मला देऊन गेला. तिला ब्रेक एकच, मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात. पॅडल उलटं दाबलं की चाक थांबतं. पंचवटी ते सातपूर रोज कामावर जायला एवढं पुरत होतं, कारण वेग कधी वीसच्या वर गेलाच नाही. यंदा गुडघा बोलायला लागला, म्हणून मोटर.

दुकान शहरातलंच. मालक गोड बोलणारा. "साहेब, मागच्या चाकात मोटर, पुढे हायड्रॉलिक डिस्क, मागे ई-ब्रेक, ४८ व्होल्ट १५ ॲम्पियर-अवरची बॅटरी. फुल सेट." मी विचारलं, जुनं मागचं चाक निघाल्यावर पॅडलचा ब्रेक जाणार, मग मागे काय? तो म्हणाला, "ई-ब्रेक म्हणजे मोटरच चाक धरते. वर बॅटरी पण चार्ज होते." मला ते पटलं. मोटारगाड्यांमध्ये असं असतं हे वाचलेलं होतं. वीस हजार तिथेच यूपीआयने दिले, बाकीचे सायकल नेताना. पावती म्हणून कच्च्या चिठ्ठीवर लिहून दिलं: 'ई-बाईक किट फुल सेट'.

तीन आठवडे छान गेले. दोन्ही लिव्हर एकदम दाबायची सवय, सायकल थांबायची, त्यामुळे कोणता ब्रेक काम करतोय हे कळायचा प्रश्नच नव्हता. एका संध्याकाळी कामावरून परतताना रविवार कारंजाकडून होळकर पुलाकडे उतरत होतो. पुढे रिक्षा अचानक थांबली. दोन्ही लिव्हर दाबली. पुढून खटकन आवाज आला, लिव्हर हँडलला टेकली आणि सायकल तशीच चालली. रिक्षा वाचवायला कडेला वळवली आणि उजव्या हातावर पडलो. मागून बस नव्हती, म्हणून आज हे लिहितोय.

प्लॅस्टर घालून आल्यावर मुलाने सायकल आमच्या भागातल्या सायकलवाल्या काकांकडे नेली. त्यांनी मागचं चाक उचललं, हाताने फिरवलं आणि मागची लिव्हर दाबली. चाक फिरतच राहिलं. "दादा, हा नुसता स्विच आहे," काका म्हणाले. "दाबला की मोटरचा करंट बंद होतो. चाकाला धरायला मागे काहीच नाही."

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण फसवायला हेच नाव वापरतात. किटबरोबर येणाऱ्या या लिव्हरला बाजारात ई-ब्रेक म्हणतात, पण तिचं काम फक्त मोटरचा करंट तोडायचं. ती हवीच, नाहीतर तुम्ही ब्रेक दाबताय आणि मोटर ढकलतेय अशी गत होते. पण तिच्याबरोबर खरा ब्रेक लागतो. आणि मोटरने चाक धरायचं म्हणाल, तर माझ्या हबमध्ये गिअरची छोटी मोटर आहे. तिच्या आत फ्रीव्हीलसारखा क्लच असतो. चाक पुढे मोकळं फिरतं, मोटर त्याला मागे ओढूच शकत नाही. अशा मोटरने ब्रेकही लागत नाही आणि बॅटरीही चार्ज होत नाही. गिअर नसलेल्या जड, मोठ्या हबच्या मोटरला ते जमतं, तेही कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरचा करंट सांभाळणाऱ्या डबीत, सोय असेल तर. आणि तिथेही तो मुख्य ब्रेकच्या जोडीला असतो, त्याच्या जागी नाही.

पुढची 'हायड्रॉलिक' डिस्क निघाली साधी केबलची. कॅलिपरपाशी, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागापाशी, उघडी तार आणि ती आवळायचा स्क्रू दिसत होता. हायड्रॉलिकला तार नसतेच. लिव्हरपाशी तेलाची छोटी डबी आणि तिथून कॅलिपरपर्यंत सलग नळी असते. केबलची डिस्क वाईट असते असं नाही, नीट बसवली तर चांगली थांबवते. पण माझ्या चिमट्यावर, म्हणजे पुढच्या फोर्कवर, कॅलिपर बसवायचे वेल्ड केलेले कानच नव्हते. दुकानदाराने बाजारातली पट्टी चिमट्याच्या पायाला बोल्टने आवळली आणि तिच्यावर कॅलिपर टांगला. ब्रेक लागला की फिरणारी डिस्क कॅलिपरला आपल्याबरोबर वर ओढते. त्या दिवशी पट्टी वर सरकली, कॅलिपर तिरका झाला आणि पॅड डिस्कवरून सुटले. काकांनी चिमट्यावरचा ओरखडा दाखवला, बोटभर लांब.

त्यात चाक मोठं आणि डिस्क १६० मिलिमीटरची. चाकाचा व्यास वाढला की त्याच डिस्कची रस्त्यावरची पकड कमी होते. २६ इंची चाकाच्या तुलनेत २९ इंचीवर ती साधारण दहा टक्क्यांनी घटते. १८० ची डिस्क घातली तर तेवढी भरून निघते. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. दुकानदाराने मला न विचारता वेगाचं लॉक काढून दिलं होतं, सपाट रस्त्यावर सायकल चाळीसला जायची. वीसच्या वेगासाठी बनलेल्या सायकलीवर चौपट भार, आणि धरायला एक सरकती पट्टी.

हे लॉक काढणं कायद्यातही बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच तिला नोंदणी लागत नाही. त्याच नियमात योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर हवा असंही म्हटलं आहे. वेग वाढवला की सायकल मोटार वाहन ठरते. मग परवाना, नोंदणी, विमा सगळं आलं, आणि अपघात झाला तर तुम्ही एकटे.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली, अडीच किलोसुद्धा भरली नाही. नेहमीच्या अडीच ॲम्पियर-अवरच्या सेलपासून ४८ व्होल्ट १५ ची बॅटरी करायला ७८ सेल लागतात आणि नुसत्या सेलचं वजन साडेतीन किलोच्या आसपास जातं. वर डबा आणि वायरी वेगळ्या. लेबल कुणीही छापतं, वजन छापता येत नाही.

म्हणून दुकानात मोटरच्या गप्पा बाजूला ठेवून आधी हेच विचारा: माझ्या चिमट्याला आणि मागच्या फ्रेमला कॅलिपरचे कान आहेत का, नसतील तर कान असलेला चिमटा घालून देणार का, मोटरच्या हबला डिस्क बसते का. हबच्या आसाला टॉर्क आर्म, म्हणजे आस फिरू न देणारी पट्टी, लावणार का, तेही विचारा. तो नसला तर मोटरच्या जोराने आस खाचेत फिरून चाक सुटू शकतं. उत्तर गोलमोल आलं तर उठा. पक्क्या बिलावर डिस्कचा आकार, ब्रेकचा प्रकार, बॅटरीचा तपशील लिहून घ्या. माझ्या चिठ्ठीवर 'फुल सेट' एवढंच आहे आणि मालक आता त्याच दोन शब्दांआड उभा आहे. "माल बघून नेला होता तुम्ही. ब्रेक वॉरंटीत येत नाही."

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. यूपीआयची नोंद, चिठ्ठीचा फोटो, ओरखड्याचा फोटो, वजनकाट्यावरच्या बॅटरीचा फोटो, हाताचा एक्स-रे एवढं जमवलंय.

मागच्या आठवड्यात शेवटचं बोलायला दुकानात गेलो, तर स्टँडवर एका कॉलेजच्या मुलाची जाड टायरची सायकल होती. चिमट्याला तशीच पट्टी. माझा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून त्यालाच म्हटलं, बाळा, मागचं चाक उचल, फिरव आणि लिव्हर दाब. चाक फिरत राहिलं. मालक मध्ये बोलायला लागला, पण मुलाने सायकल उतरवून घेतली आणि माझा नंबर मागितला. तुमच्या घरात अशी मोटर लावलेली सायकल असेल, तर उद्या सकाळी मुलांना क्लासला पाठवण्याआधी तेवढं एकदा करून बघा.