रस्ट नऊ महिने वापरल्यावर : पासष्टाव्या पावतीच्या निमित्तानं

रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत मालकी म्हणजे काय (माहिती कोण सांभाळतं आणि कधी सोडतं) आणि उसनं घेणं म्हणजे काय (मालकी न घेता ती वापरणं), हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरून चालतो. ओळख करून देणारं लिखाण भरपूर आहे. मी लिहितोय ते नऊ महिने रोज वापरून जे हाती लागलं त्याबद्दल. त्यातही जास्त लाईफटाइमच्या खुणेबद्दल, म्हणजे उसन्या घेतलेल्या वस्तूच्या रेफरन्सला ते सिंगल कोट लावून ए लिहितात त्याबद्दल, कारण माझे तीन आठवडे तिनंच खाल्ले.

लातूरला मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक वजनकाटा आहे, त्याचा प्रोग्राम मी लिहिलेला. सी प्लस प्लस या भाषेत. दोन वर्षं एक तक्रार नाही. मागच्या साली दसरा झाला, सोयाबीनची आवक वाढली, आणि एका दुपारी भरलेला टेम्पो काट्यावर उभा असताना पावतीवर वजन शून्य आलं. समोरच्या डिस्प्लेवर आकडा बरोबर, कागदावर शून्य. ऑपरेटरनं पुन्हा छापली, पुन्हा शून्य. मागं ट्रॅक्टरची रांग लागलेली. मी पोचलो तेव्हा तो शेतकरी पावती हातात धरून उभा होता. ‘म्या काय रिकामी गाडी घिऊन आलो का हिथं?’ एवढंच म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही. वजन हातानं लिहून दिलं. संध्याकाळी प्रोग्राम एकदा पूर्ण बंदच पडला.

रात्री बसून शोधलं. दिवसभरातल्या गाड्यांच्या नोंदी मी एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे लागेल तशी वाढणाऱ्या यादीत, ठेवत होतो आणि सुरुवातीलाच ६४ नोंदींची जागा राखून ठेवली होती. गाडी काट्यावर आली की तिच्या नोंदीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, धरून ठेवायचा, आकडा स्थिर झाला की त्या पॉइंटरवरून वजन लिहायचं. मधल्या काही सेकंदांत दुसऱ्या खिडकीवर पुढच्या गाडीची नोंद झाली तरी बिघडत नव्हतं. बिघडलं ते पासष्टाव्या नोंदीला. राखलेली जागा संपली, व्हेक्टरनं मोठी जागा घेतली, सगळ्या नोंदी तिकडं नेल्या आणि जुनी जागा सोडून दिली. माझा पॉइंटर मात्र जुन्याच पत्त्यावर. भाडेकरू घर सोडून गेला आणि आपण त्याच दारात चिठ्ठी टाकून आलो, तसं झालं. वजन लिहिलं गेलं, पण सोडलेल्या जागेत. पावती छापली ती नव्या जागेतल्या नोंदीवरून, तिथं शून्यच होतं. एरवी दिवसाला चाळीस-पन्नास गाड्या येत, म्हणून दोन वर्षं हे कुणाला दिसलं नाही.

त्या रात्री ६४ चे ५१२ केले आणि हंगाम काढला. दुरुस्ती म्हणून नाही, नाइलाज म्हणून. पण झोप लागत नव्हती, कारण असलेच पॉइंटर अजून कुठं कुठं धरलेत हे मला सांगता येत नव्हतं. म्हणून रस्ट.

पहिल्या आठवड्यात मी तीच चूक बारा ओळींत रस्टमध्ये लिहून पाहिली. यादीतल्या शेवटच्या नोंदीचा बदलता येणारा रेफरन्स घ्यायचा (रस्टमध्ये उसनं घेणं ते हेच), मग यादीत नवी नोंद ढकलायची, मग त्या रेफरन्समधून वजन लिहायचं. कंपायलरनं, म्हणजे कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनानं, नकार दिला, चूक क्रमांक ई ०४९९. खाली तीन खुणा : पहिलं उसनं इथं घेतलं, दुसरं इथं घेताय, आणि पहिलं पुढं इथं वापरलंय. त्या तीन ओळी म्हणजे माझी ती दुपारच होती. गाडी नाही, रांग नाही, पासष्टावी नोंद नाही, प्रोग्राम चालवलासुद्धा नाही, आणि चूक समोर. मी तो स्क्रीनशॉट अजून ठेवलाय.

माझे काका तीस वर्षं आडतीवर मुनीम होते. ते खतावणी लिहायला बसले की वही दुसऱ्या कुणाच्या हातात नसायची. लिहिणं चालू नसेल तेव्हा चार जण एकदम पान वाचत उभे राहिले तरी हरकत नाही. रस्टचा उसनवारीचा नियम हाच आहे : वाचणारे कितीही, नाहीतर लिहिणारा एकच, दोन्ही एकदम नाहीत. काकांना हे कुणी शिकवलं नव्हतं, हिशोब चुकू नये म्हणून आपोआप आलं होतं.

आता ती खूण. दुसऱ्या महिन्यात मी मूळ प्रोग्राम तसाच्या तसा रस्टमध्ये उतरवायला घेतला. एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात, दिवसाची यादी आणि त्याच स्ट्रक्टमध्ये चालू गाडीच्या नोंदीचा रेफरन्स. रेफरन्स ठेवला की लाईफटाइमची खूण मागितली. दिली. मग ज्या स्ट्रक्टमध्ये तो स्ट्रक्ट ठेवला त्यालाही मागितली. मग त्याच्या इम्प्लला (त्याची फंक्शनं जिथं लिहितात तो भाग), मग फंक्शनांना. गाजरगवत पसरावं तशी पाच फाइलींत पसरली. आणि शेवटी जमलं नाहीच, कारण स्वतःच्याच पोटातल्या यादीकडं बोट दाखवणारा स्ट्रक्ट साध्या रेफरन्सनी रस्टमध्ये बांधता येत नाही. मी खुणा बदलत राहिलो. ए ऐवजी स्टॅटिक, म्हणजे प्रोग्राम संपेपर्यंतचं, लिहिलं, तर दुसरीच चूक आली. माझी समजूत अशी की खूण जोरदार लिहिली की नोंद जास्त वेळ जिवंत राहील.

ही समजूत साफ चुकीची आहे, आणि मला वाटतं माझ्यासारख्या पुष्कळांची तीच असते. खूण लिहिल्यानं कुठलीच वस्तू एक क्षणही जास्त जगत नाही. वस्तू कधी जाणार ते तिचा मालक कोडच्या कुठल्या कंसात आहे, किंवा मालकी पुढं कुणाकडं गेली, यावरच ठरतं. खूण फक्त नातं सांगते. दोन नोंदी घेऊन त्यातली जड गाडीची परत देणारं फंक्शन लिहा. परत आलेला रेफरन्स पहिल्या नोंदीतला आहे की दुसऱ्या, हे वरून दिसत नाही. म्हणून कंपायलर विचारतो, ई ०१०६. तिन्ही ठिकाणी ए लिहिलं म्हणजे आपण एवढंच कबूल केलं की उत्तर वापरात आहे तोवर दोन्ही नोंदी जिवंत असतील. फंक्शन एकच रेफरन्स घेत असेल तर शंकाच नाही, म्हणून तिथं खूण लिहावी लागत नाही. नाव लाईफटाइम ठेवलंय तेच मला घोटाळ्याचं वाटतं. ‘कुणाच्या आधारावर’ असं काही नाव असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. यावर मी आजही ठाम आहे.

आणखी एक गोष्ट वेळ खाऊन गेली. रस्ट १.० आलं २०१५ च्या मे महिन्यात, पण उसनवारी कंस संपेपर्यंत न धरता शेवटच्या वापरापर्यंतच धरायची, ही सुधारणा डिसेंबर २०१८ मध्ये, १.३१ बरोबर आली. त्याआधीचं शिकवणीचं साहित्य अजून फिरतंय. त्यात जादाचे कंस घालून उसनवारी लवकर संपवायच्या युक्त्या आहेत, त्यातल्या बऱ्याच आता लागतच नाहीत. शिकताय तर आधी तारीख बघा.

दुसरा महिना संपताना मी मित्राला लिहून कळवलं होतं की हे आपल्यासारख्यांसाठी नाही, दोन तारे. ते मी मागं घेतो. चौथ्या महिन्यात रस्ता सापडला तो अगदी साधा. चालू गाडीच्या नोंदीचा पत्ता धरायचाच नाही, टोकन नंबर धरायचा. वजन स्थिर झालं की नंबरवरून नोंद शोधायची, लिहायची, सोडायची. पाचही फाइलींतल्या खुणा गेल्या. कंपायलर तीन आठवडे नाही नाही म्हणत होता, ते याच्याचसाठी.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की टोकन नंबरचा उपाय सी प्लस प्लसमध्येही करता आला असता. तिथलं ॲड्रेस सॅनिटायझरही, म्हणजे प्रोग्राम चालताना चुकीच्या पत्त्याचा वापर पकडणारं साधन, फुकट मिळतं. नंतर मी जुना प्रोग्राम त्यात चालवला तर त्यानं बरोबर तीच ओळ दाखवली. पण कधी दाखवली? मी स्वतः बसून ६५ खोट्या गाड्या भरल्या, त्यातली एक काट्यावर उभी ठेवली, तेव्हा. चूक ठाऊक असलेल्या माणसालाच ती सापडली. माझा सगळा कल रस्टकडं झुकला तो या एका फरकानं.

तरी रस्ट घेतलं म्हणजे निर्धास्त झालो असंही नाही. सहाव्या महिन्यात घाईत एके ठिकाणी आरसी (एका वस्तूला अनेक मालक चालू देणारं) आणि त्यात रेफसेल वापरलं. म्हणजे उसनवारीचा नियम तोच, फक्त तपासणी कंपायलरऐवजी प्रोग्राम चालताना. तिथं एक उसनवारी उघडी असताना दुसरी मागितली गेली आणि प्रोग्राम पॅनिक होऊन थांबला. चुकीचं वजन छापलं नाही, पण काटा दहा मिनिटं बंद. मालकाला दोन्ही सारखंच. आणि टोकन नंबरही जुना होऊ शकतो : नोंद रद्द करून तोच नंबर दुसऱ्या गाडीला दिला, तर कंपायलर तोंड उघडत नाही. म्हणून रद्द नंबर मी त्या दिवशी पुन्हा देत नाही.

खर्चाचं बोलायचं तर माझा लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅमचा. बिल्डच्या फाइली ठेवणारा टार्गेट नावाचा फोल्डर बघता बघता काही जीबींचा होतो. तीन प्रकल्पांचे तीन फोल्डर झाले आणि डिस्क भरली. नवीन डिस्क घेणार नव्हतो. तिन्हींना एकच टार्गेट फोल्डर लावून दिला, आणि लिहिताना पूर्ण बिल्ड न करता कार्गो चेकच, म्हणजे नुसती तपासणी, चालवतो. उसनवारीच्या चुका त्यात तशाच दिसतात आणि वेळ बराच कमी लागतो. वीज जायच्या आत काम उरकतं.

आजच्या घडीला चार तारे. एक त्या नावाबद्दल कापलाय.

नवा प्रोग्राम जूनपासून त्या काट्यावर आहे. मालकानं जुना कॉम्प्युटर शेजारी तसाच ठेवलाय, आणि त्यांचं बरोबर आहे. आता गाड्या कमी आहेत. दसऱ्यानंतर आवक वाढली की एक पूर्ण दिवस मी तिथं जाऊन बसणार आहे, पासष्टावी गाडी काट्यावरून उतरेपर्यंत.