मेडिकल, जनऔषधी की ऑनलाइन: आईबाबांच्या महिन्याच्या गोळ्या कुठून घ्यायच्या?

घरात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल असं त्रिकूट असलं की महिन्याचं औषधांचं बिल किराण्याच्या बिलाशी स्पर्धा करायला लागतं, आणि मग नातेवाईकांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच की अरे जनऔषधीत, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, 80 टक्के स्वस्त मिळतं, कशाला लुटून घेताय. त्याखाली लगेच दुसरं कोणीतरी, ती औषधं लागू पडत नाहीत, आमच्या काकांची शुगर वाढली. दोघंही थोडं थोडं खरं बोलतायत पण दोघंही दुकानाबद्दल भांडतायत, आणि माझं म्हणणं असं की आधी गोळी बघा, दुकान नंतर. एकाच चिठ्ठीवरच्या चार गोळ्यांचं उत्तर चार ठिकाणचं निघू शकतं.

कारण किंमत दुकानात ठरतच नाही, ती वरून ठरून येते. सरकारची अत्यावश्यक औषधांची यादी आहे, 2022 च्या यादीत 384 औषधं आहेत, त्यातल्या औषधांना एनपीपीए म्हणजे औषध किंमत प्राधिकरण कमाल किंमत लावून देतं. बीपीची टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही नेहमीची मंडळी यात येतात. यादीबाहेरच्या औषधाला कंपनी हवी ती किंमत लावू शकते, फक्त वर्षाला 10 टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही. आणि ज्याचं पेटंट चालू आहे आणि बनवणारी कंपनी एकच आहे त्याची गोष्टच वेगळी, त्याकडे येतोच.

आता कमाल किंमत ऐकून लोकांना वाटतं सरकारने गोळीचा खर्च काढून त्यावर माफक नफा धरला असेल. तसं 1995 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात होतं. 2013 च्या आदेशापासून काय करतात तर बाजारात 1 टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे 16 टक्के धरतात. म्हणजे महाग ब्रँड जास्त असतील तर कमाल किंमतही वरच. शिवाय दर एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे ती वाढवायची मुभा, 2023 मध्ये एका झटक्यात 12 टक्क्यांच्या वर वाढली होती. त्यामुळे ‘सरकारने बांधलेली किंमत आहे’ याचा अर्थ ‘स्वस्त आहे’ असा घेऊ नका, फार तर ‘याच्या वर लुटता येणार नाही’ असा घ्या.

पेटंटवाल्या गोळीपुढे मात्र सगळी दुकानं सारखीच. उदाहरणच बघायचं तर शुगरची एम्पाग्लिफ्लोझिन. मार्च 2025 पर्यंत एक गोळी साधारण 60 रुपयांना, रोज एक म्हणजे महिन्याला अठराशे, आणि जनऔषधीत जाऊन काही उपयोग नाही कारण दुसऱ्या कोणाला बनवायची परवानगीच नव्हती. 11 मार्चला पेटंट संपलं आणि त्याच आठवड्यात डझनभर कंपन्यांच्या गोळ्या आल्या, काहींच्या तर 10 रुपयांच्या आत. शुगरच्याच व्हिल्डाग्लिप्टिनचं 2019 च्या डिसेंबरात, सिटाग्लिप्टिनचं 2022 च्या जुलैत असंच झालं. तरीही जुन्या चिठ्ठीवर तोच जुना महाग ब्रँड वर्षानुवर्षं रिपीट होत राहतो, कारण मेडिकलवाला चिठ्ठीप्रमाणे देतो आणि डॉक्टरला कोणी विचारत नाही. बिल अचानक जड वाटत असेल तर पहिलं हे तपासा, बहुतेक वेळा एकच गोळी अर्धं बिल खात असते.

(पेटंटचा विषय निघालाच आहे तर: आपल्याकडे 1970 च्या कायद्यात औषधाला पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीला होतं, म्हणून इथल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवून विकायच्या आणि स्वस्त औषधांचा सगळा डोलारा त्यावर उभा राहिला. 2005 पासून औषधालाच 20 वर्षांचं पेटंट मिळतं. पण कायद्यात कलम 3(ड) ठेवलं, जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागायचं नाही. याच कलमावर 2013 मध्ये नोव्हार्टिस ब्लड कॅन्सरच्या ग्लिव्हेकसाठी सुप्रीम कोर्टात हरली. त्याच्या आदल्या वर्षी नॅटको या भारतीय कंपनीला सोराफेनिब हे कॅन्सरचं औषध बनवायचं सक्तीचं लायसन्स, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची संमती नसतानाही बनवायची परवानगी, मिळालं, महिन्याचं औषध 2 लाख 80 हजारांवरून 8,880 वर आलं. त्यानंतर असं लायसन्स कोणालाच दिलेलं नाही, सरकारने हत्यार म्यानात ठेवलंय.)

बरं, आता पेटंट संपलेल्या गोळ्या, म्हणजे घरातल्या दहातल्या आठ-नऊ. इथे खरी तुलना.

दोन पट्ट्या शेजारी ठेवून बघा. एक नावाजलेल्या कंपनीची टेल्मिसार्टन 40, एक जनऔषधीची. पहिली चकचकीत, ब्रँडचं नाव रंगीत. मूळ औषधाचं नाव ब्रँडपेक्षा दोन साइज मोठं छापायचा नियम आहे खरा पण चष्मा लावूनही ते आधी दिसेलच असं नाही. दुसरीवर ब्रँडच नाही, सरळ ‘टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आयपी 40 मिग्रॅ’. आता उलटी करा आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ वाचा. नावाजलेल्या पट्टीवर सुद्धा बरेचदा बनवणारा कोणी वेगळाच असतो, हिमाचलातल्या बद्दीचा किंवा सोलनचा पत्ता, आणि ज्या कंपनीच्या नावावर तुमचा विश्वास आहे ती फक्त ‘मार्केटेड बाय’ मध्ये. म्हणजे तुम्ही ज्याला ब्रँडेड म्हणताय तीही जेनेरिकच, म्हणजे पेटंट संपलेलं तेच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं, फक्त तिच्यामागे एमआरची, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींची, फौज आहे. किमतीचं म्हणाल तर ब्रँडची गोळी सहा-सात रुपयांच्या घरात पडते, जनऔषधीची रुपया-दीड रुपयाच्या आसपास. जनऔषधीचा नियमच असा आहे की पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या जास्तीत जास्त निम्मी किंमत, आणि प्रत्यक्षात बऱ्याच गोळ्या त्याहूनही खाली असतात.

मग अडतं कुठे? स्टॉकमध्ये. केंद्रं 15 हजारांच्या वर झालीत देशभर, पण तुमच्या जवळच्या केंद्रात तुमची गोळी या महिन्यात असेल याची खात्री नाही. टेल्मिसार्टन साधी असेल पण टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन-क्लोरथॅलिडोन असं तिहेरी कॉम्बिनेशन नसेल, किंवा 500 ची मेटफॉर्मिन असेल आणि 1000 ची एसआर (हळूहळू विरघळणारी) नसेल. जनऔषधी सुगम अ‍ॅपवर औषध यादीत आहे का आणि केंद्र कुठे आहे ते कळतं, पण तरी फोन करून जावं. आणि संपायच्या दिवशी जाऊच नका, आठ-दहा दिवस हाताशी ठेवून जा.

आणखी एक जात आहे जिच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं, ती म्हणजे ट्रेड जेनेरिक. कंपनी एमआर वगैरे न ठेवता थेट दुकानदाराला विकते, छापील किंमत ब्रँडच्या जवळपास असते पण दुकानदाराला ती निम्म्याहूनही कमी दरात पडते. ‘आमच्याकडे सरसकट 50 टक्के डिस्काउंट’ अशा पाट्यांमागे बरेचदा हेच असतं. औषध वाईट असतं असं अजिबात नाही, पण डिस्काउंटवर भाळू नका कारण छापील किंमतच फुगवलेली असते. टक्के सोडा आणि एका गोळीला किती रुपये पडले तेवढंच बघा.

ऑनलाइन अ‍ॅपवाल्यांचंही साधारण हेच. 15-20 टक्के सूट खरी मिळते, घरपोच येतं, आईबाबा गावी आणि तुम्ही पुण्यात किंवा परदेशात असाल तर याहून सोयीचं काही नाही. पण ती सूट ब्रँडच्या छापील किमतीवर आहे, 7 ची गोळी पावणेसहाला. जनऔषधीच्या दीड रुपयाशी त्याची बरोबरी होत नाही. शिवाय ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा 2018 मध्ये आला तो पुढची कित्येक वर्षं मसुदाच राहिला, तेव्हा तक्रार असली की कोणाच्या दारात जायचं हा प्रश्न उरतो. इन्सुलिन मात्र मी ऑनलाइन मागवत नाही, एप्रिल-मेच्या उन्हात डिलिव्हरीच्या बॅगेत ते किती वेळ फिरलं कोण सांगणार, ते कोपऱ्यावरच्या फ्रिजवाल्या मेडिकलमधूनच.

क्वालिटीचा मुद्दा टाळून चालणार नाही. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला नापास बॅचची यादी काढतात, ती एकदा नजरेखालून घाला, त्यात छोट्या कंपन्या असतात, जनऔषधीच्या बॅच असतात आणि मोठे ब्रँडही असतात. 2024 च्या ऑगस्टच्या यादीत घराघरात ओळखीची नावं आली तेव्हा कंपन्या म्हणाल्या त्या बॅच आमच्या नाहीतच, नकली आहेत. ऐकून बरं वाटण्यासारखं उत्तर नाही हे. जनऔषधीची प्रत्येक बॅच एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबमध्ये तपासून पुढे जाते, ही त्यांची जमेची बाजू. ब्रँडच्या बाजूने सांगायचं तर ऑगस्ट 2023 पासून 300 मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, स्कॅन केला की बॅच आणि बनवणारा दिसतो. मला विचाराल तर बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत जनऔषधीची भीती बाळगायचं कारण नाही, कारण घरात बीपीचं मशीन आहे, शुगर तपासता येते, बदलल्यावर महिनाभर लक्ष ठेवलं की गोळी लागू पडतेय की नाही ते आकड्यात दिसतं.

पण काही औषधं अशी आहेत जिथे मी पैसे वाचवायला जाणार नाही. थायरॉईड, फिट येण्यावरच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, किडनी बदललेल्यांची औषधं. यात डोस जरासा इकडेतिकडे झाला तरी महागात पडतं, म्हणून एक ब्रँड धरायचा आणि सोडायचा नाही, मग तो महाग असो की स्वस्त. या महिन्यात हा, पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्याकडे होता तो, असं तर मुळीच नको. आणि बदलायचंच झालं तर डॉक्टरला सांगून, पुढची टेस्ट कधी करायची ते विचारूनच.

डॉक्टरशी बोलायला लोक कचरतात, त्यांना वाटतं अपमान होईल. जेनेरिक नावाने लिहावं असं डॉक्टरांच्या नियमात 2002 पासून आहे, 2023 मध्ये ते कडक करायला गेले आणि आरडाओरडा झाल्यावर महिन्याच्या आत स्थगित केलं. तेव्हा ते आपणहून लिहितील याची वाट बघू नका. चिठ्ठीवर ब्रँड असेल तर मेडिकलवाला स्वतःच्या मनाने दुसरा द्यायला कायद्याने मोकळा नाही, म्हणून ‘डॉक्टर, कंटेंटचं (म्हणजे मूळ औषधाचं) नावही लिहाल का, जनऔषधीतून घेऊ का’ एवढं विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, एखाद्या गोळीला नको म्हणतात आणि त्याचं कारणही सांगतात.

बाहेर पडायच्या आधी एक छोटं काम करा. पट्ट्यांचे मागून फोटो काढा, प्रत्येक गोळीला किती रुपये पडतात ते लिहा, आणि एनपीपीएच्या फार्मा सही दाम अ‍ॅपवर त्याच कंटेंटच्या बाकीच्या ब्रँडची किंमत बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झालाय, म्हणजे शंभराला सहा-सव्वासहा रुपये कमी व्हायला हवेत, तेही जुन्या बिलाशी ताडून बघा.

तर मी असं करतो: बीपी, कोलेस्टेरॉल, मेटफॉर्मिन, अ‍ॅसिडिटीची गोळी जनऔषधीतून, दोन महिन्यांची एकदम. थायरॉईड आणि इन्सुलिन नेहमीच्या मेडिकलमधून, एकच ब्रँड. तिहेरी कॉम्बिनेशन ऑनलाइन जिथे कमी पडेल तिथून. पेटंटवाली गोळी असलीच तर डॉक्टरला सरळ विचारायचं की पेटंट संपलेली दुसरी चालेल का. आणि कोणी अ‍ॅडमिट असेल तर हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही, तसा बोर्ड लावायला महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, 2025 मध्ये हॉस्पिटलांना सांगितलंय, बोर्ड दिसला नाही तरी बाहेरून आणायला हरकत नाही.