कॅलिफोर्नियातल्या कोर्टाची कागदपत्रं: वेबसाइट, खिडकी की खासगी कंपनी?

घराच्या दुरुस्तीचं काम देण्याआधी त्या कंत्राटदारावर कोणी दावे लावलेत का, हे तुम्हाला पाहायचंय. किंवा तुमचा घटस्फोट कॅलिफोर्नियात झालाय आणि आता पुण्यात दुसरं लग्न नोंदवायचंय, म्हणून निकालाची प्रत हवीय. पहिल्या कामात नुसतं वाचायचंय, दुसऱ्यात कोणापुढे तरी सिद्ध करायचंय. आपलं काम यातलं कोणतं, हे आधी ठरवा. पैसे आणि वेळ बहुतेकदा तिथेच वाया जातो.

राज्यात 58 काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि प्रत्येकीचं स्वतःचं सुपीरिअर कोर्ट. दिवाणी दावे, फौजदारी खटले, घटस्फोट, वारसा, साडेबारा हजार डॉलरपर्यंतचे छोट्या रकमेचे दावे (स्मॉल क्लेम्स), सगळं तिथेच चालतं. आपल्या ई-कोर्ट्ससारखं सगळ्या कोर्टांसाठी एकच पोर्टल मात्र इथे नाही. केस कोणत्या काउंटीत दाखल झाली होती, हे तुम्हालाच माहीत हवं.

वाचण्यापुरतं काम असेल तर त्या कोर्टाची वेबसाइट उत्तम. केस नंबर टाकला की कोणत्या तारखेला काय दाखल झालं, याची यादी दिसते. लॉस एंजेलिससारखं कोर्ट नावावरून दिवाणी केस शोधायचे पैसे घेतं, तेव्हा नंबर हाताशी असलेला बरा. दिवाणी दाव्यातले मूळ कागदही पुष्कळ ठिकाणी घरबसल्या उघडतात. पण घटस्फोट आणि फौजदारी प्रकरणांतले कागद सर्वसामान्य माणसाला इंटरनेटवरून दाखवायचे नाहीत, असा राज्याच्या न्यायालयीन नियमांचा दंडक आहे. हे कागद गुप्त नसतात. कोर्टात गेलात तर तिथल्या संगणकावर तुम्ही ते पाहू शकता. मुलांचे ताबे, मारहाणीचे आरोप असं खासगी आयुष्य एका क्लिकवर जगभर पसरू नये म्हणून घातलेली ही मर्यादा मला योग्यच वाटते. बाल न्यायालयातली प्रकरणं आणि न्यायाधीशांनी सील केलेले कागद यांची गोष्ट निराळी. ते त्रयस्थाला कोर्टाच्या खिडकीवरही मिळत नाहीत.

सिद्ध करायचं असेल तर प्रत कोर्टाच्या क्लार्ककडूनच घ्यावी लागते. वेबसाइटवरून छापलेल्या साध्या पानावर सही-शिक्का नसतो आणि त्यावाचून पुढची ऑफिसं ते सहसा स्वीकारत नाहीत. साधी प्रत पानाला 50 सेंट, प्रमाणित करण्याचे वेगळे 40 डॉलर. घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत मात्र 15 डॉलरला मिळते. उघड्या फाइलची प्रत मागताना कारण सांगावं लागत नाही, तुम्ही त्या केसमधले पक्षकार असण्याचीही गरज नाही. हा हक्क मोठा आहे, तो संकोच न करता वापरा. तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तर टपालाने अर्ज करता येतो. त्यात केस नंबर, चेक आणि आपला पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट घाला. उत्तर यायला वेळ लागतो, पण विमानाचं तिकीट वाचतं.

नाव टाकताच कुंडली काढून देणाऱ्या खासगी साइट्सकडे मी शेवटी जाईन, तेही फक्त केस कोणत्या काउंटीत आहे याचा माग काढायला. त्यांची माहिती जुनी असू शकते, सारख्या नावाच्या दोन माणसांची सरमिसळ होते, आणि प्रमाणित प्रत तर त्या स्वतः देऊच शकत नाहीत. जोशी, पाटील, कुलकर्णी यांच्या बाबतीत तर जपूनच. अशा माहितीवरून भाडेकरू निवडणं किंवा नोकरी नाकारणं कायद्याच्या कचाट्यातही आणू शकतं.

पुण्यासाठी प्रत काढणाऱ्यांनी खिडकीवरच सांगावं की यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावायचं प्रमाणपत्र, घ्यायचंय. ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसातून मिळतं, शुल्क 20 डॉलर. भारत 2005 पासून अपोस्टिल मानतो, त्यामुळे त्यानंतर भारतीय दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही.