अल्पसंख्याक लघुउद्योजकांचा अभ्यासगट : नऊ महिन्यांनंतर

सोलापुरात माझे सहा मशीनचे शालेय गणवेश शिवण्याचे युनिट आहे. अल्पसंख्याक समाजांतील छोट्या उद्योजकांनी एकमेकांकडून धंदा शिकावा, म्हणून एका स्थानिक संस्थेने सुरू केलेल्या गटात मी नऊ महिन्यांपूर्वी नाव घातले. आम्ही बारा जण आहोत. बहुतेक मुस्लिम, तिघे बौद्ध, एक ख्रिस्ती बेकरीवाले आणि एक जैन किराणा व्यापारी (केंद्राच्या यादीत जैन समाजाची गणना अल्पसंख्याकांत २०१४ पासून होते, हे मला त्यांच्याकडूनच कळले).

पहिल्या दोन बैठका पाहुण्यांच्या भाषणांत गेल्या. त्यांतले काही आठवत नाही. तिसऱ्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या एका मालाचा हिशेब फळ्यावर मांडायचा होता. कापड, शिलाई, काज-बटण आणि इस्त्री धरून मी शर्टामागे बावीस रुपये नफा दाखवला. फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवणाऱ्या दादांनी विचारले, "ताई, कटिंगला तुम्ही स्वतः उभ्या राहता, त्याची मजुरी कुठे धरलीत?" ती मजुरी, वीजबिल आणि कातरणात जाणारे कापड धरल्यावर सात रुपये उरले. अकरा वर्षे मी या भावाने माल देत होते.

उधारीवरची बैठकही अशीच कामी आली. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. आणि १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३ब (एच) आल्यापासून, म्हणजे २०२३-२४ पासून, मुदत उलटलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे चुकते केल्याच्या वर्षीच खर्चात दाखवता येते. मी बिलावर उद्यम क्रमांक, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, छापून घेतला. ज्या दुकानदाराकडे दिवाळीपासून खेटे घालत होते, त्याच्या सीएचा मार्चमध्ये आपणहून फोन आला. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने मात्र तो क्रमांक पाहून ऑर्डरच कमी केली, हेही सांगायला हवे. किराणावाले काका तर हिरमुसलेच, कारण व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी वसुलीचे हे संरक्षण मिळत नाही.

कर्जाच्या बाबतीत गटाची मदत अर्ज भरून देण्यापुरतीच आहे. जामीनदाराचा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवायचा. बैठकीची संध्याकाळी सातची वेळही आम्हा बायकांना अडचणीची पडते.

गटात गणवेश शिवणाऱ्या आणखी एक आपा आहेत. जूनच्या हंगामासाठी दोघींनी मिळून कापड उचलावे, असे दोन बैठकांपासून ठरते आहे. पण आपल्याला कापड काय भावाने पडते, हे आधी सांगायला अजून दोघींपैकी कोणीच तयार नाही.