ऑफलाइन नकाशा घेऊन मराठवाडा फिरताना: पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. मराठवाड्यात फिरायला फोनमध्ये ऑफलाइन नकाशा हवाच. जागा कुठे आहे हे तो अचूक दाखवतो. तिथे कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या दिवशी जायचं, हे मात्र तुम्ही घरीच ठरवून निघा. ते काम त्याच्यावर सोपवलं की दिवस वाया जातो.

इथे दोन अॅप गृहीत धरली आहेत. गाडी चालवताना बहुतेक फोनमध्ये आधीपासून असणारं गूगल मॅप्स, आणि पायी चालताना ऑरगॅनिक मॅप्स. वापर पावसाळ्यात, ऊस हंगामात आणि एप्रिल-मेच्या उन्हात, तिन्ही वेळी झालेला आहे. प्रत्येक हंगामात अडचण वेगळी येते.

नकाशा उतरवून घेताना

गूगल मॅप्समधल्या पायऱ्या सोप्या आहेत. आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर टॅप, मग ‘ऑफलाइन नकाशे’, मग ‘स्वतःचा नकाशा निवडा’. निळी चौकट येते. ती बोटांनी लहान-मोठी करायची. किती जागा लागेल ते चौकटीखाली लिहून येतं. डाउनलोड झाल्यावर तीन टिंबांवर जाऊन त्या नकाशाला नाव देऊन ठेवा, नाहीतर दोन-तीन नकाशे झाले की कुठला कशाचा ते कळत नाही.

बहुतेक लोक चौकट जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे आखतात आणि इथेच गडबड होते. नेट नसताना रस्ता विचारला, तर निघायचं ठिकाण, पोहोचायचं ठिकाण आणि मधला सगळा रस्ता उतरवलेल्या भागात असावा लागतो. मराठवाड्याच्या कडेला असलेल्या जागांचे रस्ते शेजारच्या जिल्ह्यांतून येतात. अजिंठ्याची सहल असेल तर चौकटीत जळगाव घ्या, तुळजापूर-नळदुर्ग असेल तर सोलापूर घ्या, उदगीर असेल तर बिदर घ्या. माहूरच्या एका अंगाला यवतमाळ जिल्हा आहे, तोही आत हवा. चौकट सहलीच्या मापाची हवी. चार बोटं जास्त धरली तर फार तर थोडे एमबी जास्त जातील.

उतरवल्यावर घरीच परीक्षा घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि सहलीतली दोन टोकं घालून मार्ग काढून बघा. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, त्यामुळे बहुतेक फोनवर निळा ठिपका अशा वेळीही येतो. नेट नसताना पहिल्यांदा जागा पकडायला मात्र वेळ लागतो, कारण उपग्रहांची माहिती नेटवरून न मिळता थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. गाडीबाहेर मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं थांबा. ठिपका आला नाही म्हणून अॅप बंद-चालू करत बसू नका, त्याने आणखी उशीर होतो.

ऑफलाइनमध्ये काय मिळत नाही तेही आधीच माहीत असलेलं बरं. रस्त्यावरची गर्दी, पर्यायी मार्ग, सॅटेलाइटचं चित्र आणि पायी जायचा मार्ग, यातलं काहीच मिळत नाही. फक्त गाडीचा एक रस्ता मिळतो.

नाव शोधताना

‘पिंपळगाव’, ‘वडगाव’, ‘पिंपरी’ ही गावं बऱ्याच तालुक्यांत आहेत. नुसतं नाव टाकून पहिला निकाल घेऊ नका, तालुका बघा. ‘औंढा’ इंग्रजीत टाकताना शेवटचं अक्षर राहिलं की पुण्याचं औंध येतं. किल्ल्याचं कंधार लिहिताना एक अक्षर वाढलं की गाडी थेट अफगाणिस्तानात. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. पण रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांवर आणि मैलाच्या दगडांवर अजून दोन्ही नावं भेटतात. सोबतच्या माणसाला दोन्ही माहीत असू द्या. शोधायची सगळी ठिकाणं घरी नेट असतानाच ‘सेव्ह’ करून ठेवली की वाटेत टायपिंग करावंच लागत नाही.

अजिंठा या एका नावात सगळ्यात जास्त लोक फसतात. अजिंठा गाव वेगळं, लेणी वेगळी. संभाजीनगरहून फुलंब्री-सिल्लोडमार्गे गेलं की गाव आधी लागतं, मग घाट उतरून फर्दापूर. लेण्यांसमोरच्या डोंगरावरचा व्ह्यू पॉइंट तिसराच, त्याचा रस्ता वेगळा. शिवाय नकाशातली टाचणी लेण्यांवर असते, पण खासगी गाडी फर्दापूरच्या टी-जंक्शनला थांबवून पुढचे सुमारे ४ किलोमीटर बसने जावं लागतं. म्हणून टाचणी लेण्यांवर न लावता टी-जंक्शनच्या पार्किंगवर लावा. नकाशा जी वेळ दाखवेल तिच्यात बसची वाट पाहणं आणि पायथ्यापासूनची चढण धरून तासभर जास्त ठेवा.

रस्ता ठरवताना

नकाशा जवळचा रस्ता देतो. मराठवाड्यात जवळचा रस्ता बऱ्याचदा शिवारातून जातो. कागदावर १२ किलोमीटर वाचतात, आणि निम्म्यात डांबर संपून पाणंद सुरू होते. उन्हाळ्यात ती पाणंद नुसती धुळीची असते, गाडी कशीबशी निघते. पावसाळ्यात तीच काळी माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. दुचाकीचं तर लगेच होतं. एकदा अडकलं की ट्रॅक्टर शोधण्याशिवाय इलाज नाही. काळ्या मातीत अॅक्सिलरेटर दाबला की चाक आणखी खाली जातं, तेव्हा ते अजिबात करू नका.

अशी वाट नकाशावरच ओळखता येते. झूम करा. जाड रेघ असेल तर चिंता नाही. बारीक रेघ बांधाबांधाने काटकोनात वळत असेल तर ती जवळपास नक्की पाणंद. खात्री हवी असेल तर निघायच्या आदल्या दिवशी नेट असताना सॅटेलाइट चित्र बघा. त्यात डांबर करडं दिसतं, मातीचा रस्ता शेताच्याच रंगाचा.

यावर उपाय म्हणजे मार्ग तुकड्यांत काढायचा. उदाहरणार्थ, औंढा नागनाथहून परळी वैजनाथला जायचं आहे. थेट परळी न टाकता आधी परभणी टाका, तिथून गंगाखेड, मग परळी. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तालुक्याचं गाव असलं की अॅपला आडवाटेची हौस येत नाही, आणि पेट्रोल, पंक्चर, चहा, सगळं त्या गावात मिळतं.

तरीही फाट्यावर शंका आलीच तर माणसाला विचारा, पण प्रश्न नीट विचारा. “गाडी जाते का?” म्हटलं की उत्तर हमखास “जाते की!” असंच येतं, कारण सांगणाऱ्याची गाडी म्हणजे मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर. “या रस्त्याने एसटी जाते का?” असं विचारा. एसटी जात असेल तर तुमची कार जाते. पावसाळ्यात पुढचा प्रश्न: “पाणी आल्यावर पण जाते का?” मधल्या फरशी पुलावर पाणी असेल तर ते किती खोल आहे याचा अंदाज गाडीतून येत नाही, आणि नकाशाला तर पूल पाण्याखाली गेलाय हे कळतच नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबा, नाहीतर मागे फिरा.

वेळेबद्दल. ऑफलाइनमध्ये दाखवलेली वेळ मोकळ्या रस्त्याची असते. राष्ट्रीय महामार्गावर ती बरीचशी जुळते. तालुक्यांमधल्या रस्त्यांवर तासाला १५ ते २० मिनिटं वाढवा. ऊस हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, लातूर, धाराशिव, बीड, परभणी या पट्ट्यात अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना चाललेले असतात आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर वीतभर लोंबत असतो. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले की ट्रॉली दिसतच नाही.

समृद्धी महामार्गाचं गणित वेगळं. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर चढ-उतर फक्त ठरलेल्या इंटरचेंजवर होते, एक चुकला की पुढच्यापर्यंत जाऊन परत यावं लागतं. त्यामुळे संभाजीनगरसाठी सावंगीला उतरायचं की माळीवाड्याला, हे आधी ठरवून कागदावर लिहा. वेरूळ-दौलताबादला जाणाऱ्यांना माळीवाडा सोयीचं. दुचाकी आणि रिक्षांना या महामार्गावर बंदी आहे. कारची मर्यादा १२० आहे, पण उन्हाळ्यात काँक्रीटवर त्या वेगाने सतत चालवायच्या आधी टायर थंड असताना हवा तपासा. कमी हवेचा टायर जास्त चेपला जातो, तापतो आणि फुटतो.

दिवस ठरवताना

अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ लेणी मंगळवारी बंद. उतरवलेल्या नकाशात वेळा दिसतात, पण त्या उतरवल्या त्या दिवशीच्या. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी असेल तर अजिंठा शनिवारी किंवा रविवारी करा आणि वेरूळ सोमवारी.

श्रावणात मात्र हा क्रम मोडा. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला तुफान गर्दी असते, आणि मंदिर लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभर. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर पायी जाणारे लोक रस्त्यावर असतात. दौलताबाद घाटातल्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते, तिथे रांग लागली की तास गेला. गर्दीच्या दिवशी वाहतूक कसाबखेडा फाट्याकडून वळवतात, तो रस्ता लांबचा असला तरी आपणहून घ्या. त्या आठवड्यात सोमवार पैठणला द्या (नाथसागर, एकनाथ महाराजांची समाधी, पैठणीचे माग), रविवार अजिंठ्याला आणि वेरूळ बुधवारनंतर. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरकडची वाहतूकही अशीच वळवतात.

वेरुळात टाचणी १६ नंबरच्या कैलासावर असते. ३० ते ३४ ही जैन लेणी उत्तरेला बरीच लांब आहेत. दुपारच्या उन्हात ती पायी गाठू नका. सकाळी उघडल्याबरोबर कैलास, मग १ ते १२ बौद्ध लेणी, आणि जैन लेण्यांना वाहनाने, असा क्रम बरा.

नळदुर्गचा पाणी महाल बघायचा तो बोरी नदीला पाणी असताना. तिथले नर-मादी धबधबे उन्हाळ्यात कोरडे असतात. सौताड्याच्या धबधब्याचंही तेच, विंचरणा नदीला पाणी असेल तरच पाटोद्याची वाट धरा.

पायी चालताना

पितळखोरा लेणी, अंतूर किल्ला, गौताळा अभयारण्यातल्या वाटा इथे गूगल मॅप्स उपयोगाचं नाही. ऑरगॅनिक मॅप्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि पायवाटा नेट नसतानाही दाखवतं. पायी मार्गाची चढ-उतारही दिसते. निघताना गाडी जिथे लावली तिथे बुकमार्क टाका, ही सवय सगळ्यात कामाची. पायवाटा लोकांनी काढलेल्या असतात, त्यामुळे कुठे वाट बरोबर तर कुठे अर्धवट. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढलं की नकाशात वाट असूनही जमिनीवर दिसत नाही. अशा वेळी गावातला वाटाड्या घ्या. देवगिरीच्या (दौलताबाद किल्ल्याच्या) अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत मात्र नकाशाचा प्रश्नच नाही, तिथे वेगळी टॉर्च हवी. फोनची टॉर्च पेटवून बॅटरी संपवू नका, परतीला तोच फोन लागणार आहे.

फोन आणि चार्जिंग

एप्रिल-मेमध्ये काचेवर लावलेला फोन तापतो. आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं, आणि नेमकं फाट्यावर नकाशा दिसत नाही. फोनचा होल्डर एसीच्या जाळीवर लावा, काचेवर नको. जाड कव्हर काढून ठेवा. जुन्या गाड्यांच्या यूएसबी पोर्टातून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो. स्क्रीन आणि जीपीएस चालू असताना त्याने बॅटरी वाढत नाही, हळूहळू कमीच होते. लायटरच्या सॉकेटात बसणारा १८ वॉटचा चार्जर घ्या, आणि एक केबल जास्तीची ठेवा.

नेट नसलं की लोकेशन शेअर होत नाही. पण आवाजाचं नेटवर्क असेल तर साधा एसएमएस जातो. निळा ठिपका दाबून धरला की आकड्यांतले अक्षांश-रेखांश दिसतात, ते तसेच लिहून पाठवा. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. यूपीआयलाही सहसा नेट लागतं, त्यामुळे पेट्रोल आणि जेवणापुरती रोकड खिशात हवी. लेण्यांची तिकिटं ऑनलाइन काढली असतील तर त्यांचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवा.

शेवटचं काम अपडेटचं. प्रत्येक उतरवलेल्या नकाशाखाली मुदत लिहिलेली असते. ऑटो-अपडेट चालू असलं तरी ते साधारणपणे वाय-फायवरच होतं, आणि फोनमध्ये जागा नसेल तर काही न सांगता राहून जातं. निघायच्या आदल्या रात्री ‘ऑफलाइन नकाशे’ उघडून तारीख बघा आणि हाताने अपडेट करा. नवे बायपास आणि बदललेले फाटे दिसतात ते त्यानंतरच.